मक-१ प्रथिन मागवताना: ई. कोलायचं घ्यावं की मानवी पेशींतलं?

मक-१ (MUC1) हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, साखरेने मढलेलं प्रथिन, म्हणजे एक म्युसिन. कॅटलॉगमध्ये 'रिकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशींत जनुक घालून बनवलेलं) ह्युमन मक-१' असं शोधलं की एकाच नावाखाली अनेक कुप्या समोर येतात. काही ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेल्या, काही हेक-२९३ या मानवी पेशींमध्ये, क्वचित सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या पेशी) किंवा कीटकपेशींमध्येही. किमतीही सारख्या नसतात, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याची नजर साहजिकच स्वस्त कुपीवर जाते. किंमत बघण्याआधी दोनच गोष्टी तपासा: प्रथिनाचा नेमका कोणता तुकडा आहे, आणि त्यावर साखर आहे का.

आधी तुकडा. मक-१ च्या मध्यभागी २० अमिनो आम्लांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा येतो. पुढे एसईए नावाचा भाग (डोमेन), मग पेशीपटलातून जाणारा भाग आणि आत ७२ अमिनो आम्लांची शेपटी. कॅटलॉगमधल्या बऱ्याच प्रथिनांत ही पुनरावृत्ती नसतेच. सीए १५-३ या स्तनाच्या कर्करोगासाठीच्या रक्तचाचणीतली डीएफ३ सारखी अँटीबॉडी मात्र त्याच भागाला चिकटते. म्हणजे कुपीत पुनरावृत्ती नसेल तर एलायझाची (अँटीबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीची) प्लेट कोरीच राहणार. एसईए डोमेन स्वतःला आपसूक कापतं, पण दोन्ही तुकडे एकमेकांना धरून राहतात. एसडीएस हा डिटर्जंट घालून उकळलं की ते सुटतात आणि जेलवर दोन पट्टे दिसतात. ती भेसळ नव्हे.

आता साखर. प्रत्येक पुनरावृत्तीत ओ-ग्लायकोसिलेशनच्या, म्हणजे साखर जोडली जाण्याच्या, पाच जागा असतात, तीन थ्रिओनिन आणि दोन सेरिन या अमिनो आम्लांवर. ई. कोलायमध्ये त्या पाचही उघड्या राहतात. हा दरवेळी दोष ठरत नाही. एसएम३ सारखी अँटीबॉडी साखर कमी असलेला गाभाच ओळखते, तिथे ई. कोलायचं प्रथिन चांगलं कंट्रोल (तुलनेचा नमुना) ठरतं. आतल्या शेपटीवर काम असेल तर तिथे म्युसिनची साखर मुळातच नसते, जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. डेंड्रिटिक पेशी किंवा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी वापरणार असाल तर मात्र सावध राहा. जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन प्रथिनासोबत आलं तर टीएलआर-४ या रिसेप्टरमार्फत पेशींना चेतवतं आणि टीएनएफ हा दाहाचा रेणू वाढला की आपण श्रेय म्युसिनला देऊन बसतो. प्रत्येक बॅचचा एंडोटॉक्सिनचा आकडा लेखी मागा आणि एंडोटॉक्सिन बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घातलेलं कंट्रोल ठेवा.

गॅलेक्टिन-३ किंवा सिग्लेक-९ या प्रथिनांशी होणारी जोडणी तपासायची असेल तर हेक किंवा सीएचओ यांना पर्याय नाही, कारण ही प्रथिनं साखरच पकडतात. सीएचओमध्ये मुख्यतः कोअर-१ प्रकारची (साधी) साखर बसते, हेकमध्ये कोअर-२ (फांदी फुटलेली) सुद्धा. कीटकपेशींत सहसा सायलिक आम्ल (साखळीच्या टोकाची साखर) नसतं.

पण 'मानवी पेशीतलं म्हणजे खरं' हे समीकरण मला मान्य नाही. कर्करोगात मक-१ वरची साखर आखूड होते, टीएन आणि सायलिल-टीएन ही आखूड रूपं दिसू लागतात. साध्या हेक पेशी तशी साखर बनवत नाहीत. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०११ मध्ये साखरेची साखळी लांबवायला लागणारं कॉस्मक जनुक निकामी करून आखूड साखरेच्या पेशी तयार केल्या. प्रश्न ट्यूमरचा असेल तर अशा पेशींतलं प्रथिन किंवा रासायनिक पद्धतीने बनवलेलं ग्लायकोपेप्टाइड (साखर जोडलेला प्रथिनाचा छोटा तुकडा) हवं. त्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा.

कुपी हातात आल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की प्रथिन कमीच भरलंय. पुनरावृत्तीच्या त्या २० अमिनो आम्लांत प्रकाश शोषणारं ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही, त्यामुळे २८० नॅनोमीटरला शोषण जवळजवळ दिसत नाही. लायसिन नाही, आर्जिनिन एकच, म्हणून मुख्यतः याच दोघांना धरणारी ब्रॅडफर्ड रंगचाचणीही कमी दाखवते. साखरेने लगडलेल्या प्रथिनाचा कूमासी या रंगात जेलवर पट्टा फिका येतो, आणि तोही अपेक्षेपेक्षा बराच वर, पसरलेला. मोजायला बीसीए चाचणी वापरा, रंगवायला पीएएस, म्हणजे साखरेला लागणारा रंग. मास स्पेक्ट्रोमेट्री करणार असाल तर प्रथिन कापणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमचा भरवसा धरू नका: त्या एकुलत्या आर्जिनिनच्या पुढेच प्रोलिन आहे, तिथे ट्रिप्सिन कापत नाही. क्लॉस्ट्रिपेन हे दुसरं एन्झाइम कापतं.

टॅगचं, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेल्या तुकड्याचं, थोडक्यात: रोगप्रतिकारक पेशींवर काम असेल तर एफसी टॅग टाळा, तो त्यांच्या एफसी रिसेप्टरला चिकटतो. हिस टॅग बरा, फक्त तो कोणत्या टोकाला आहे ते बघा. एसईए कापलं गेल्यावर मागच्या टोकाचा टॅग छोट्या तुकड्यासोबत जातो. परदेशातून मागवत असाल तर लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेलं) घ्या. मे महिन्यात पार्सल कस्टममध्ये अडकलं तर द्रव प्रथिनाची शाश्वती नाही.

औषधाची गोळी श्लेष्माला किती चिकटते एवढंच बघायचं असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. मक-१ जेल बनवत नाही. डुकराच्या जठरातलं म्युसिन ग्रॅमच्या हिशेबाने मिळतं. शुद्धीकरणात त्याची जेल बनवायची ताकद बरीच जाते, पण चिकटण्याच्या प्राथमिक चाचणीला ते पुरतं.