सागवान म्हणून ३८,५०० मोजले, घरी आला भुसा

लाजेने दोन महिने गप्प होतो. माझे वडील नागपूरच्या लकडगंजला आरा मशीनवर हिशेब लिहायचे, लाकडाच्या वासात वाढलो मी, आणि मलाच सागवानी पलंग म्हणून दाबलेला भुसा विकला. बायको हे रोज ऐकवते, आता तुम्हीही ऐकवा.

मुलगी आठची, मुलगा चारचा, खोली एकच. म्हणून बंक बेड, एकावर एक दोन पलंग. दुकानातला नमुना खरा सागवान होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो. वाकून, नख लावून बघितला होता. "सेम टू सेम बनवून देतो भाऊ, फळ्या तेवढ्या मरीन प्लायच्या, पाण्याने न फुगणाऱ्या." ३८,५०० ठरले. २०,००० ॲडव्हान्स, उरलेले १८,५०० माल घरी आल्यावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "अठरा टक्के वर लागतील, ६,९३० काहून घालवता?" नाही घालवले. पॅडच्या चिठ्ठीवर 'बेड १ नग' एवढंच लिहिलं, लाकडाबद्दल अक्षर नाही. वरून सहा इंची गादी फुकट.

एप्रिलमध्ये दुकानातली दोन पोरं बेड जोडायला आली. ड्रिल चालली आणि फरशीवर भुसा पडला. सागाला भोक पाडलं की तपकिरी, हाताला जरा तेलकट लागणारा भुसा निघतो, त्याला चामड्यासारखा वास असतो. इथे पडला तो रवा. पांढरा, पिवळा, काळपट, कोरडा ठाक. मी पाहिला. पाहिला काय, सुपलीत भरून मीच कचऱ्यात टाकला, पोरांना चहा पाजला आणि १८,५०० मोजून दिले! डोळे चुरचुरत होते, तर म्हणे, "नवीन पॉलिश आहे, आठ दिवसांत वास जाते."

गेला नाही. असा दाबलेला भुसा म्हणजे पार्टिकल बोर्ड, आणि तो बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनने चिकटवलेला असतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्यातून फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो. आपला मे महिना, पंचेचाळीस अंश, बंद खोली आणि कूलरचा ओला वारा थेट बेडवर, म्हणजे सगळी तयारी आम्हीच करून दिलेली. मुलगी डोळे चोळत उठायची, मी मोबाइलला दोष द्यायचो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच या वायूला कर्करोगकारक ठरवलंय, हे मला जूनमध्ये कळलं. तोवर ओलीने फळीची कड फुगून सागाचा पापुद्रा सुटला होता. आत तोच रवा.

मग एका रात्री वर चढताना मुलीने कठडा धरला, तो स्क्रूसकट हातात आला. मी खालीच उभा होतो म्हणून झेलली. नंतर मोजायचा टेप लावला. कठडा फळीपासून ८ इंच, गादी ६ इंच, उरले २. अमेरिकेत वरच्या गादीपासून कठडा किमान ५ इंच उंच लागतो, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका अशी सूचना बेडवरच लावावी लागते. फुकटच्या गादीने कठडाच गिळला होता.

पोलीस ठाण्यात "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून चिठ्ठी परत सरकवली. दुसऱ्या एका कार्यालयात बेडच्या रंगातल्या शिशाचं विचारलं, कारण २०१७च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत ९० भागांवर, चालत नाही. साहेब म्हणाले, "तो नियम रंगाच्या डब्याला आहे, तुमच्या पलंगाला नाही." पोरं चाटतात डबा का पलंग? तिसरीकडे तीन चकरा झाल्या, दर वेळी एकच वाक्य, बिल आणा. बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो?

पक्कं बिल घ्या, लाकडाचं नाव लिहून घ्या, मग अठरा टक्के जाऊ द्या. मरीन प्लाय म्हणाले तर आयएस ७१०चा, म्हणजे त्याच्या भारतीय मानकाचा, शिक्का दाखवायला सांगा, कडेला पट्टी मारायच्या आधी. ड्रिल चालू असताना फरशीकडे बघा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, घरबसल्या ऑनलाइनही तक्रार होते. हे मला वकिलाने सांगितलं, सल्ल्याचे १,५०० घेऊन.

भंगारवाल्याने चारशे सांगितले, तेही लोखंडी शिडीचे. वकील म्हणतात पुरावा आहे, ठेवा. म्हणून बेड बाल्कनीत ताडपत्रीखाली फुगतोय आणि पोरं खाली सतरंजीवर झोपतात.