यामाहा मोडेक्स ६ वर आपली ढोलकी बसवली, त्याचा रिव्ह्यू

मोडेक्स ६ या कीबोर्डचा पियानो कसाय, स्ट्रिंग्ज कशा आहेत याचे व्हिडिओ ढीगभर सापडतात, पण ड्रमबद्दल कोणी धड बोलत नाही, म्हणून हा रिव्ह्यू फक्त ड्रमवर. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लावणी, भक्तिगीतं, लग्नाचे कार्यक्रम असं सगळं. छोट्या कार्यक्रमाला ढोलकी आणि पॅड दोन्ही परवडत नाही, मग माझा डावा हात ठेक्यावर आणि उजवा सुरावर असंच चालतं. त्यामुळे कीबोर्डातले ड्रम चांगले असणं ही माझ्यासाठी रोजीरोटीची गोष्ट आहे.

कंपनीचे ड्रमसेट चांगलेच आहेत, किक दणदणीत, स्नेअरला जोर आहे, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) स्वच्छ, पण लावणीला ते घेऊन काय करायचं? खरी मजा एडिटिंगमध्ये आहे. ड्रम पार्टमध्ये ७३ की मिळतात आणि प्रत्येक की म्हणजे स्वतंत्र वाद्य समजा, तिचा वेव्हफॉर्म म्हणजे मूळ रेकॉर्ड केलेला आवाज वेगळा, ट्युनिंग वेगळं, फिल्टर, पॅन, रिव्हर्ब सगळं त्या एका कीपुरतं. एडिटमध्ये गेल्यावर कीबोर्ड सिलेक्ट चालू करून ठेवायचं, मग जी की दाबाल तीच स्क्रीनवर येते, शोधत बसावं लागत नाही. मला हे कळेपर्यंत मी एकेक की स्क्रीनवर सरकवत होतो, त्यात पहिली संध्याकाळ गेली.

अजून एक, रोलंड कंपनीच्या कीबोर्डवरून येणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या, मिडी नोट ३६ ला (मिडीमध्ये प्रत्येक कीला एक नंबर असतो) यामाहा सी १ म्हणतं आणि रोलंड सी २, म्हणजे किक तीच, नोट तीच, फक्त नाव एका सप्तकाने वेगळं. मित्राने त्याच्या रोलंडची यादी दिली होती, मी ती जशीच्या तशी बसवली आणि सगळं एक सप्तक वर जाऊन बसलं. तेव्हापासून मी नावं लिहीतच नाही, नंबर लिहितो, ३८ स्नेअर, ४२ बंद हॅट, ४६ उघडी हॅट.

आता ढोलकी. सुरुवातीला एकाकडून तयार टोनचा पॅक विकत घेतला होता, त्यातल्या प्रत्येक सॅम्पलच्या (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्याच्या) सुरुवातीला बारीकशी शांतता सोडलेली, त्यामुळे बोट पडल्यावर आवाज उशिरा यायचा आणि ठेका सतत मागे पडतोय असं वाटायचं, शिवाय एक बोल मोठा तर एक मेलेला. मग ठरवलं, आपणच रेकॉर्ड करायचं. आमचे अप्पा, चाळीस वर्षं ढोलकी वाजवतायत, त्यांना घरी बोलावलं. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रीजसुद्धा बंद केला. अप्पांनी दोरीच्या कड्या सरकवून ढोलकी काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) आणली आणि एकेक बोल हळू, मध्यम, जोरात असा तीन-तीनदा वाजवला. मी लॅपटॉपवर पुढची शांतता काटेकोर कापली, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट वेव्ह फाईल केल्या, पेनड्राइव्हने आत घेतल्या. आपल्या आवाजांसाठी यात १ जीबी जागा आहे, ढोलकी, हलगी, टाळ, संबळ सगळं टाकून सुद्धा कोपरा भरत नाही.

सगळं बसवलं, वाजवून दाखवलं, अप्पांचा चेहरा पडला. म्हणाले, "अरे, यात माझा हात कुठाय? धीं वाजली की पुढच्या बोलाला माझं बोट शाईवर, म्हणजे उजव्या तोंडाच्या काळ्या गोलावर टेकतं, ती गप्प होते. तुझी आपली बोंबलतच राहते." बरोबर होतं त्यांचं. उघडी धीं आणि बंद ना या दोन वेगळ्या की, एकीला दुसरीचा पत्ताच नाही. याचं औषध म्हणजे अल्टरनेट ग्रुप. ज्या की एका ग्रुपमध्ये असतात त्या एकमेकींना तोडतात, उघडी हॅट बंद हॅटने तुटते तसंच. मी उजव्या तोंडाचे सगळे बोल ग्रुप १ मध्ये टाकले आणि डाव्या तोंडाचा घुमारा ग्रुप २ मध्ये, कारण उजव्या हाताने ना मारली म्हणून डावीकडची घुमक थांबत नाही ना, ती वेगळीच राहिली पाहिजे. परत वाजवलं तर अप्पा काही बोलले नाहीत, मांडीवर ताल धरला. या एका सेटिंगसाठी मी हा कीबोर्ड विकणार नाही.

रिसिव्ह नोट ऑफ हे सेटिंग पण बघून घ्या. बंद असेल तर की सोडली तरी आवाज शेवटपर्यंत वाजतो, ढोलकी-हलगीला तेच पाहिजे. लूप (परत परत वाजत राहणारा तुकडा) लावला असेल त्या कीला मात्र चालू करा, नाहीतर बोट उचलल्यावरही तो चालूच राहील.

हलगीच्या कडकडाटाला वेगळी युक्ती केली. एकाच कीवर एका बोटाने तेवढा वेग येत नाही आणि आला तरी मशीनसारखं वाटतं, म्हणून तेच सॅम्पल शेजारच्या दोन कीवर टाकलं, एकीचं फाईन ट्यून किंचित उतरवलं, लेव्हल जरा कमी केली. हलगीच्या दोन काड्या एक जाड एक बारीक असतात, तसाच फरक कानाला येतो, आणि दोन बोटांनी आलटून पालटून मस्त फिरतं. असाइन मोड मल्टी ठेवा, सिंगलवर तीच की परत वाजली की आधीचा आवाज तुटतो.

गायिकेची पट्टी बदलली की मात्र काम वाढतं. काळी चारवरून काळी पाचला जायचं तर शाईच्या प्रत्येक बोलाचा कोर्स ट्यून (यात १ म्हणजे अर्धा स्वर) २ ने वाढवायचा. मी प्रत्येक पट्टीचा वेगळा परफॉर्मन्स (सगळ्या सेटिंगसकट साठवलेला आवाज) करून ठेवलाय, स्टेजवर लाइव्ह सेटमधून, म्हणजे स्क्रीनवरच्या निवडक परफॉर्मन्सच्या यादीतून, बोट लावलं की काम झालं. पण तीन स्वरांपेक्षा जास्त ताणू नका, ढोलकी खेळण्यातली वाटायला लागते.

खटकतं ते असं की ड्रमच्या की ७३ आणि हातात ६१, म्हणजे कडेच्या आवाजांसाठी ऑक्टेव्ह बदलायला लागतो, म्हणून रोजचे बोल मधेच ठेवा. पॅड नाहीत. आणि स्टोअर न करता दुसऱ्या परफॉर्मन्सवर गेलात की केलेलं सगळं जाऊ शकतं, माझी तीन तासांची मेहनत अशी गेलीय, आता मी दर पाच मिनिटांनी स्टोअर दाबतो आणि रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो.

२०२२ ला आलेल्या प्लस मॉडेलमध्ये आपल्या आवाजांसाठी १.७५ जीबी जागा आहे, पण फक्त ड्रमसाठी घेत असाल तर सेकंडहँड जुना मोडेक्ससुद्धा पुरेल. दुकानात जाताना स्वतःच्या चार वेव्ह फाईल पेनड्राइव्हवर न्या, तिथेच ड्रम कीवर टाकून बघा, अर्धा तास लागेल, दुकानदार थांबला पाहिजे एवढंच.