फालुनची तांब्याची खाण : कोकणातून जाणाऱ्याने काय पाहावे

वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या ज्या मंडळींची मुले नोकरीनिमित्त स्टॉकहोमला स्थिरावली आहेत, त्यांच्याकडून स्वीडनमधील फालुन हे गाव पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी का, असे अलीकडे बरेचदा विचारले जाते, म्हणून हा अभिप्राय जरा विस्ताराने लिहीत आहे. माझे उत्तर 'अवश्य जावे' असे आहे. मात्र राजवाडे, बागा आणि खरेदी यांच्या अपेक्षेने जाणाऱ्याची तिथे निराशा होईल, कारण या गावात पाहण्यासारखे जे काही आहे ते जवळजवळ सगळे एका खड्ड्यातून वर आलेले आहे.

तो खड्डा म्हणजे 'स्तूरा स्तॉतेन'. सुमारे हजार वर्षे चाललेल्या तांब्याच्या खाणीच्या तोंडाशी तो पसरलेला आहे. खोली जवळजवळ १०० मीटर, रुंदी तीन-चारशे मीटर. खाणीचा खड्डा आम्हा रेडीकडच्या लोकांना नवा नाही. लोहखनिजाचे ट्रक आणि बंदराच्या वाटेवरची लाल धूळ पाहतच आम्ही वाढलो, आणि रेडीचा द्विभुज गणपतीही १९७६ साली खाणीतच सापडला. तरीही फालुनच्या कठड्याशी उभे राहिल्यावर जी गोष्ट प्रथम जाणवते ती अशी, की हा खड्डा कोणी ठरवून खणलेलाच नाही. शतकानुशतके जो तो आपल्या वाट्याची शिरा पोखरत गेला, मधल्या भिंती पातळ होत गेल्या आणि जून १६८७ मध्ये पोकळ झालेला डोंगर आतल्या आत बसला. त्या दिवशी मध्य-उन्हाळ्याच्या सणाची सुट्टी होती, म्हणून खाली कोणी नव्हते आणि एकही माणूस दगावला नाही. कड्यांवरचे पिवळे, तांबूस आणि जांभळट पट्टे पाहण्यासाठी काठाकाठाने पूर्ण फेरी मारावी. एका जागी उभे राहून छायाचित्र काढून परत फिरणाऱ्यांना निम्मी खाण दिसतच नाही.

भूगर्भातील फेरी मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते. अंगावर घालायला झगा आणि डोक्याला शिरस्त्राण तिथे मिळते, आणि लाकडी पायऱ्यांनी उतरत आपण सुमारे ६७ मीटर खोलवर जातो. आत बारा महिने पाच-सहा अंश तापमान असते, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असले तरी स्वेटर घेतल्याशिवाय उतरू नये, आणि वहाणा-सँडल घालून तर नाहीच, कारण पायाखाली सतत ओल असते. पूर्वी दारू उडवून दगड फोडण्याची पद्धत नव्हती. खडकाला लागून लाकडांचे ढीग पेटवायचे, दगड तापून तडकला की मग तो पहारीने व हातोड्याने सोडवायचा. मार्गदर्शक हे सांगत असताना भिंतीवर हात ठेवून पाहावा. आगीने गोलसर झालेला खडक आणि पुढच्या काळात सुरुंगाने फुटलेला धारदार खडक यांतला फरक बोटांनाही कळतो. क्रॉइट्स नावाची २०८ मीटर खोल उभी विहीर, तिच्यातील ओंडक्यांची प्रचंड भिंत आणि राजघराण्यातील पाहुण्यांनी खडकावर सोडलेल्या सह्या हे या फेरीतील मुख्य टप्पे आहेत. फेरी साधारण तासाभराची असते. माझ्या मते विषयाच्या मानाने ती आखूड आहे, परंतु गुडघे दुखणाऱ्यांना ती पुरून उरेल.

याच खाणीत १६७७ साली फेत-मात्स इस्राएलसन नावाचा तरुण कामगार नाहीसा झाला. १७१९ मध्ये पाण्याने भरलेल्या एका जुन्या भागात त्याचा देह सापडला तेव्हा तो जसाच्या तसा होता, कारण त्या पाण्यात धातूंचे गंधकयुक्त क्षार मुरलेले होते. आपल्याकडे सुपारीच्या बागेत कोळे रोगासाठी फवारतात ते मोरचूद आणि जुन्या शाईत घालीत ती हिराकस यांच्याच जातीचे हे क्षार. वर आणल्यावर त्याला ओळखणारे दुसरे कोणी उरले नव्हते. ओळखले ते मार्गारेता उल्सदोत्तर या वृद्ध स्त्रीने, जिच्याशी बेचाळीस वर्षांपूर्वी त्याचे लग्न ठरले होते. त्यानंतर त्या देहाचे लोकांनी पुष्कळ काळ प्रदर्शनच मांडले आणि त्याला कायमची माती मिळाली ती १९३० मध्ये. ही हकीकत ऐकवताना गोड प्रेमकथा करण्याचा मोह बहुतेकांना होतो. मला तिच्यातील प्रदर्शनाचा भाग अधिक अस्वस्थ करणारा वाटला.

खाणीलगतच्या संग्रहालयाला पुरेसा वेळ द्यावा, आणि त्यातही पत्र्यांच्या नाण्यांपाशी थांबावे. सतराव्या शतकात भरभराटीच्या काळी युरोपातील तांब्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश तांबे या एका डोंगरातून निघत असे आणि स्वीडनच्या युद्धांचा खर्च बराचसा त्यावर चालत असे. चांदी अपुरी, तांबे मात्र मुबलक, अशा स्थितीत १६४४ पासून त्यांनी तांब्याचे चौकोनी पत्रे चलन म्हणून पाडले. त्यातला दहा दालरचा (दालर हे त्या काळचे स्वीडिश चलन) पत्रा १९ किलोंहून अधिक वजनाचा होता, म्हणजे बाजाराला जाताना पैसे नेण्यासाठीच गडी लागावा. या अडचणीतूनच १६६१ मध्ये स्टॉकहोमच्या बँकेने युरोपातील पहिल्या कागदी नोटा काढल्या. पाणचक्कीच्या बळावर खनिज वर ओढणारी यंत्रे रचणाऱ्या ख्रिस्तोफर पोल्हेमचा परिचयही इथेच होतो. १२८८ सालच्या एका दस्तऐवजात या डोंगराच्या एक-अष्टमांश हिश्श्याच्या व्यवहाराची नोंद आहे. कोकणात एका फणसाच्या झाडावरून आणेवारीचे दावे पिढ्यानपिढ्या चालतात, त्यामुळे डोंगराचे हिस्से पाडण्याची ही कल्पना आपल्या माणसाला चटकन उमजते.

मात्र माझ्या दृष्टीने फालुनमधील सर्वांत पाहण्यासारखी वस्तू म्हणजे तिथला लाल रंग. स्वीडनभर शेतांमधून जी तांबडी लाकडी घरे दिसतात, त्यांच्या रंगाचे मूळ या खाणीच्या टाकाऊ मातीत आहे. तांबे कमी असलेला जो माल बाजूला टाकला गेला, तो वर्षानुवर्षे उघड्यावर पडून कुजला, त्यातील लोह गंजले, आणि ती माती धुऊन, भाजून, दळून तिची भुकटी झाली. १७६४ पासून हे उत्पादन व्यवस्थित सुरू झाले आणि खाण ८ डिसेंबर १९९२ रोजी बंद पडल्यानंतरही साठलेल्या ढिगांमधून रंग निघतोच आहे. याची कृती एखाद्या सुगरणीला सहज जमेल अशी आहे : पाण्यात राय नावाच्या धान्याच्या पिठाची खळ शिजवायची, तीत हिराकस आणि ही भुकटी मिसळायची, शेवटी जवसाचे तेल घालून ढवळायचे. तेलरंगासारखा याचा पापुद्रा धरत नाही, त्यामुळे लाकडातील ओल कोंडून न राहता बाहेर निघून जाते, आणि पुन्हा रंगवताना जुना थर खरवडत बसावे लागत नाही. सुटलेली भुकटी झाडली की पुरे. एका जुन्या घराच्या भिंतीवरून तळवा फिरवला तर गेरूने सारवलेल्या भिंतीला टेकल्यावर सदऱ्याला लागते तशी तांबडी पूड हाताला आली. ती फळी रंध्याने तासलेली नव्हती, करवतीची खरखर तशीच ठेवलेली होती, आणि त्या खरखरीतच रंग धरून बसला होता. आपल्याकडच्या माडीच्या खांबांना आणि ओसरीच्या गजांना चकचकीत तेलरंग देऊन दोन पावसाळ्यांत फुगवून घेणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे. आपल्या उभ्या पावसात हा रंग टिकेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

रंग पाहायचा तर एल्सबोरी, गामला हेरगोर्देन आणि ऊस्तानफोर्श या खाणकामगारांच्या जुन्या वस्त्यांमधून पायी हिंडावे. चिंचोळ्या गल्ल्या, ठेंगणी लाकडी घरे, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या, आणि कुठे कुठे तांबे गाळताना उरलेल्या काळ्या मळीचे ठोकळे वापरून बांधलेली जोती. युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला तो केवळ खड्ड्याला नव्हे, तर अशा परिसरालाही. मळीचे ढीग, उजाड टेकड्या आणि धातू उतरलेली माती यांवर गावाने पडदा टाकलेला नाही, ही मला त्यांची जमेची बाजू वाटते. खनिज भाजताना निघणाऱ्या गंधकाच्या धुराने भोवतालची हिरवळ मारली होती, आणि १७३४ मध्ये इथे आलेल्या लिनियस या प्रसिद्ध स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाला ही खाण नरकासारखी वाटली होती. गंमत अशी, की पुढे त्याने लग्न फालुनच्याच मुलीशी केले.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने आधीच चौकशी करावी. 'फालुकोर्व' हा इथला प्रसिद्ध जाड सॉसेज, आणि त्याचे मूळही खाणीतच सांगतात : दोरखंडांसाठी बैलांची कातडी लागे, मग उरलेल्या मांसाचे काय करायचे, तर हे. त्यात गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही असते. गावातील एका उपाहारगृहात मांसाविना काही मागितल्यावर आमच्यासमोर उकडलेल्या बटाट्यांचे गार ताट आले, तेव्हा मुलीने सोबत दिलेल्या तिखट पुऱ्यांनी लाज राखली. कॉफी आणि दालचिनीचा पाव मात्र कुठेही निर्धास्तपणे घ्यावा.

बाकीच्या गोष्टी वेळ उरल्यास कराव्यात. दालार्ना संग्रहालयात या प्रांतातील फुलापानांची चित्रकला चांगली मांडलेली आहे, शिवाय साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री सेल्मा लागेरलोफ फालुनमध्ये राहिल्या होत्या, त्यांच्या आठवणीही तिथे आहेत. चित्रकार कार्ल लार्सन यांचे सुंदबोर्न येथील घर सुंदर आहे, पण ते गावाबाहेर असल्याने वाहनाची सोय पाहूनच बेत आखावा. लुग्नेतचा बर्फावरील उड्यांचा उंच मनोरा लांबून पाहिला तरी चालेल.

स्टॉकहोमहून आगगाडीने तीन तासांच्या आत पोहोचता येते; काही गाड्या थेट जातात, काहींसाठी बोरलेंगेला गाडी बदलावी लागते. स्थानकापासून खाण चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. सकाळी जाऊन रात्री परतणे शक्य आहे, तथापि वस्त्यांमधून निवांत हिंडायचे असल्यास एक रात्र मुक्काम करावा. इंग्रजी फेरीची वेळ आधी पाहून तिकीट घरूनच काढून ठेवावे. जून ते ऑगस्ट हा काळ सर्वांत सोयीचा. हृदयविकार, दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी खाली उतरण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी खड्ड्याच्या काठची फेरी आणि संग्रहालय मिळून अर्धा दिवस छान जातो. आणि घरच्या ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर आधी संग्रहालय पाहा, मग खाणीत उतरा, कारण पायऱ्या चढून वर आल्यावर काचेच्या कपाटांसमोर उभे राहण्याचे त्राण फार थोड्यांच्या पायांत उरते.