१०८०पी, १४४०पी की ४के? आधी कार्डाचा दम बघा

दुकानात ४केचा मॉनिटर बघून डोळे दिपतात, पण गेमिंगसाठी घेत असाल तर आधी थोडं गणित करा. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पीला ते ३६.९ लाख होतात आणि ४केला ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या थेट चौपट. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं) हवे असतील, तर एक फ्रेम रंगवायला ग्राफिक्स कार्डाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात.

प्रोसेसरचं काम मात्र रिझोल्यूशनमुळे फारसं वाढत नाही. शत्रू कुठे पळाला, गोळी कशाला लागली, हा हिशेब सगळीकडे सारखाच. म्हणून पैसे काढण्याआधी एवढं करून बघाच: नेहमीच्या गेममध्ये गर्दीच्या जागी उभे राहा आणि रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. एफपीएस भराभर वाढले, तर कार्ड आधीच दमलेलं आहे. जास्त रिझोल्यूशनचा मॉनिटर घेतलात तर गेम अडखळणारच. एफपीएस जागचे हलले नाहीत, तर गाडी प्रोसेसरपाशी अडली आहे आणि कार्डात बहुधा अजून जीव आहे.

काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंटसारखे गेम १४४ हर्ट्झवर (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर) खेळायचे असतील, कार्डही मध्यम असेल, तर २४ इंची १०८०पी पुरे. त्याच रिझोल्यूशनचा २७ इंची मात्र घेऊ नका. इंचाला ८२च पिक्सेल पडतात, तारा आणि कुंपणं दातेरी दिसतात.

माझं मत २७ इंची १४४०पीला. इंचाला १०९ पिक्सेल, चित्र रेखीव, आणि कार्डावरचा भार १०८०पीच्या पावणेदोन पटींच्या आसपासच.

४के घ्यायचा तर कार्ड तगडं हवं, व्हीरॅमही (कार्डाची स्वतःची मेमरी) भरपूर हवी. डीएलएसएस किंवा एफएसआर ही कमी रिझोल्यूशनचं चित्र वाढवून दाखवणारी तंत्रं मदतीला येतात: ‘क्वालिटी’वर ठेवलं की गेम आतून १४४०पीला रंगतो आणि मग ४केपर्यंत वाढवला जातो. निवांत फिरत, निसर्ग बघत खेळायच्या गेममध्ये ते खरंच सुंदर दिसतं.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. १४४०पीच्या मॉनिटरवर गेम जड झाला म्हणून थेट १०८०पी लावलं, तर १४४० भागिले १०८० म्हणजे १.३३चा हिशेब पिक्सेलांत नीट बसत नाही आणि चित्र पुसट होतं. त्यापेक्षा रिझोल्यूशन १४४०पीच ठेवा आणि गेममधूनच एफएसआर चालू करा. मेनूतली अक्षरं तरी धारदार राहतात.