दोन एकर खारवाटीसाठी केलेलं माती परीक्षण

सोलापूरच्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कशासाठी कापला ते पुढे सांगते.

मंगळवेढा तालुक्यात आमची सात एकर जमीन आहे. त्यातली पाच एकर भारी काळी, रब्बीत मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर जाते. उरलेली दोन एकर ओढ्याकडची. मामंजी तिला कायम खारवाट म्हणायचे आणि तिच्याकडे बघायचेही नाहीत. पावसाळ्यात तिथं पाय टाकला की चप्पल चिखलातच राहते. मार्चमध्ये त्याच जागी मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुठं पांढरट पापुद्रा, कुठं तेल सांडल्यासारखे काळपट चट्टे. मेंढ्यांच्या चराईला ती सोडली होती, पण गवतसुद्धा ठिगळासारखं उगवायचं.

मागच्या वर्षी एका दुकानात 'मोफत माती परीक्षण' म्हणून गेले होते. त्यांच्या माणसानं खुरप्यानं वरची चार बोटं माती उकरून नेली आणि दुसऱ्या दिवशी सहा पिशव्यांचं बिल हातात दिलं. ७,४०० रुपये गेले, गवत होतं तेवढंच राहिलं. म्हणून सोलापुरातल्या या प्रयोगशाळेत फोन करताना मनात धाकधूक होती. इथं माती तपासायचे पैसे घेतात, खत विकत नाहीत. हे ऐकूनच मला बरं वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी आणि तिच्यासोबत एक दादा आले. मुलगी कृषी पदवीधर, बोलायला मोकळी. आल्या आल्या तिनं विचारलं, "काकू, इथं पाणी किती दिवस साचतं? ऊस होता का कधी?" होता. शेजारच्या वरच्या रानात आणि आमच्याही, कालव्याचं पाणी आल्यावर पंधरा वर्षं ऊस होता आणि पाणी मोकाट दिलं होतं. तिनं ते लिहून घेतलं. मग दादांनी तीन फूट खोल खड्डा घेतला. टिकाव अक्षरशः दगडावर आपटल्यासारखा वाजत होता.

खड्ड्याची भिंत तिनं मला खाली उतरवून दाखवली. दोन फुटांखाली मातीचे तिरपे तुकडे होते आणि त्यांच्या बाजू घासून गुळगुळीत, चकचकीत झालेल्या. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि त्या ओढाताणीत मातीच मातीवर घासते, असं तिनं सांगितलं. मातीत हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे होते. त्यावर तिनं पातळ आम्लाचा थेंब टाकला तसा फेस आला. चिमूटभर माती भिजवून अंगठा आणि बोटात दाबत तिनं पट्टी काढली. पट्टी न तुटता बोटभर लांब आली. मी आयुष्यभर भाकरी थापली, पण मातीची कणीक अशी मळून तिच्यातला चिकणमातीचा अंश ओळखतात हे मला माहीत नव्हतं.

खरं काम ग्लासानं केलं. तीन काचेच्या ग्लासात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेतलं. एकात आमच्या ज्वारीच्या रानातलं वाळलेलं ढेकूळ, दुसऱ्यात या तुकड्याच्या वरच्या थरातलं, तिसऱ्यात खालच्या थरातलं. ज्वारीच्या रानातलं ढेकूळ फुटलं, तळाला बसलं, पाणी नितळ राहिलं. वरच्या थराच्या ढेकळाभोवती धुरासारखं वलय आलं. खालच्या थराचं पाणी अर्ध्या तासात तांदळाच्या धुवणासारखं झालं आणि संध्याकाळपर्यंत तसंच होतं. ती म्हणाली, "काकू, ही खारवट नाही, चोपण आहे. क्षार कमी, सोडियम जास्त." सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, मातीतली छिद्रं बुजतात, म्हणून पाणी खाली उतरत नाही. मामंजींनी दिलेलं नाव आम्ही तीस वर्षं धरून बसलो होतो.

मी विचारलं, इथं समुद्र कुठं आहे, मग हे येतं कुठून? त्यावर तिनं मोबाईलवर अमेरिकेतल्या युटा आणि कोलोरॅडोच्या रानांचे फोटो दाखवले. तिथं मॅन्कोस शेल नावाचा मऊ, थराथरांचा दगड आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ दाबून तो झाला, त्यामुळे मीठ, जिप्सम आणि सेलेनियम मुळातच त्यात आहे. त्याच्यावरची माती राखेच्या रंगाची, जेमतेम हात-दीड हात खोल, आणि वर ज्वारीच्या लाह्या पसरल्यासारखी फुगीर. वर्षाला १५० ते २२५ मिलिमीटर पाऊस. पाणी मुरत नाही, वरून वाहतं आणि मीठ घेऊन कोलोरॅडो नदीत जातं. उगवतात ती फक्त मीठ सोसणारी बुटकी झुडपं. आपली काळी माती मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडाची. त्या दगडातलं सोडियम झिजताना सुटतं, सोलापूरच्या पावसात ते धुऊन जात नाही, आणि जास्त पाणी दिलं की वर चढतं. दोन्हीकडे चिकणमाती फुगणारी, पण तिथं मीठ दगडातच होतं, इथं आमच्या उसानं ते वर ओढलं. सोडियमला हटवणारं जिप्सम तिथल्या मातीत असतं, आपल्याला आणून टाकावं लागतं.

एक गोष्ट तिनं निक्षून सांगितली, आणि ती मी लगेच पाळायला लागले. अशी माती ओली असताना जनावर घालायचं नाही. एकदा खुरानं दाबली की वर सिमेंटसारखा थर बसतो. आम्ही दरवर्षी धनगरांची मेंढरं खतासाठी बसवतो. यंदा ती ज्वारीच्या रानात बसवली.

अहवालात तीन थरांचे आकडे वेगळे दिलेत. सामू (pH) वरून खाली ८.४, ८.७ आणि ९.१. मातीच्या कणांना चिकटलेल्या घटकांत सोडियमचा वाटा ११, १७ आणि २३ टक्के. १५ च्या वर गेलं की चोपण धरतात. म्हणजे खुरप्यानं वरची माती नेणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात आणि खतासाठी ती उपयोगाची आहे. पण हे सोडियम त्या बारांत येत नाही, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं.

सल्ला असा: आधी ओढ्याकडे उतार धरून चर काढा, कारण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट हवी. मग पावसाच्या तोंडावर जिप्सम, एकरी २ टन, दोन हप्त्यांत, वरच्या वीतभर मातीत मिसळून. पहिल्या वर्षी ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घेऊन गाडा, पुढं चाऱ्यासाठी मारवेल गवत लावा. मालकांच्या डोक्यात डाळिंब होतं. मुलीनं स्पष्ट नाही म्हटलं. त्या एका शब्दानं आमचे लाखभर रुपये वाचले असं मी मानते.

आता अर्धा तारा. अहवाल आठ दिवसांत देतो म्हणाले, सतरा दिवस लागले आणि तीनदा फोन करावा लागला. आकडे इंग्रजीत छापलेले, मराठी खुलासा हातानं लिहिलेला. बांधावर येऊन तेवढं छान समजावणाऱ्यांनी कागदही मराठीत द्यावा. तीन थर, विहिरीचं पाणी आणि येण्याजाण्याचे मिळून २,१०० रुपये झाले.

बोलवायचं असेल तर पिकाची कापणी झाल्यावर, पाऊस लागायच्या आधी बोलवा. खत टाकलेल्या जागेची, बांधाची, झाडाखालची माती देऊ नका. विहिरीच्या पाण्याचा नमुना द्यायची बाटली खताची किंवा औषधाची नको. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा आणि मग काठोकाठ भरा.