वायरलेस माऊसचा रिसीव्हर हरवला, नुसता रिसीव्हर घेतला: काही महिने वापरल्यानंतर

माझ्याकडे लॉजिटेकचा एम ३२५ आहे, जुना, पण हाताला असा बसलाय की दुसरा धरवत नाही. उन्हाळ्यात घर बदललं तेव्हा सामानात त्याचा रिसीव्हर, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावायचा तो छोटा तुकडा, गेला तो गेलाच. लॅमिंग्टन रोडला पहिल्याच दुकानात सांगितलं, रिसीव्हर गेला म्हणजे माऊस गेला, नवीन घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच माऊसचं तसं असतंही, त्यांची जोडी फॅक्टरीतच लावलेली असते, अगदी तसाच दिसणारा दुसरा रिसीव्हर आणून लावला तरी कर्सर हलत नाही. पण सगळ्याच माऊसना हे लागू नाही, आणि धडधाकट माऊस असे भंगारात जाताना बघून खरंच वाईट वाटतं म्हणून एवढं लिहितोय.

आधी माऊस उलटा करून बघा. खाली नारिंगी रंगाचं चांदणीसारखं चिन्ह असेल तर तो युनिफाइंगवाला आहे, म्हणजे लॉजिटेकच्या त्या नावाच्या सिस्टिमचा, त्याला कुठलाही युनिफाइंग रिसीव्हर चालतो आणि तो सुटा विकत मिळतो. ही सिस्टिम २००९ पासूनची आहे. २०२१ मध्ये आलेली लॉजिटेकचीच लॉगी बोल्ट ही सिस्टिम वेगळी, तिचा रिसीव्हर युनिफाइंग माऊसला चालत नाही आणि युनिफाइंगचा तिच्या माऊसला नाही, दिसायला दोन्ही नखाएवढेच, त्यामुळे घेताना रिसीव्हरवरचं चिन्ह नीट बघून घ्या. मी पुढच्या गल्लीतून घेतला, नव्या माऊसपेक्षा बराच स्वस्त पडला.

जोडणी सोपी आहे. कंपनीचं युनिफाइंग सॉफ्टवेअर फुकट आहे ते टाकायचं, रिसीव्हर लावायचा, ते सांगेल तेव्हा माऊस बंद करून परत चालू करायचा, झालं. लिनक्सवाल्यांसाठी याच कामाचा सोलार नावाचा प्रोग्रॅम आहे. ही जोडणी रिसीव्हरमध्येच सेव्ह होते, म्हणून तोच रिसीव्हर मी परळच्या ऑफिसात नेऊन लावतो तर तिथे काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि आमच्याकडे आयटीवाले काही टाकू देत नाहीत त्यामुळे हे फार कामाचं आहे. एका रिसीव्हरवर सहा डिव्हाइस बसतात, मी टीव्हीचा के ४०० प्लस कीबोर्डपण त्यावरच घेतला.

मधे एक त्रास झाला. बॅकअप घेताना कर्सर अडखळायचा, मला वाटलं रिसीव्हर डुप्लिकेट मिळाला. पण कारण होतं शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमधली हार्डडिस्क, तिचा आवाज, म्हणजे रेडिओतला खरखराट म्हणतात तसला, २.४ गिगाहर्ट्झलाच येतो आणि माऊस त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन वायरवर थोडा लांब नेला, तेव्हापासून परत कधी अडखळला नाही. रेंज, बॅटरी सगळं पहिल्यासारखंच आहे.

सेकंडहँड रिसीव्हर घेणार असाल तर आधीच्या माणसाची डिव्हाइसेस सॉफ्टवेअरमधून काढून टाका आणि फर्मवेअर, म्हणजे रिसीव्हरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट नक्की करा, हे टाळू नका. २०१६ मध्ये माऊसजॅक नावाची गडबड उघड झाली होती, त्यात लांबून कोणी तुमच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डसारखं टाइप करू शकायचं, आणि जुन्या रिसीव्हरमध्ये ते भोक अजून तसंच असू शकतं. प्रवासात मी रिसीव्हर माऊसच्या बॅटरीच्या झाकणाखालच्या खाचेत ठेवतो, बऱ्याच मॉडेलमध्ये ती खाच असते, लॅपटॉपला लावलेला ठेवून बॅग लोकलच्या गर्दीत नेली तर पोर्टलाच धक्का बसतो.