पोलर एच१० छातीपट्टा : सावकाश धावण्याची मर्यादा ठरवताना

पोलर कंपनीचा एच१० हा छातीपट्टा बहुतेक जण हृदयाचे ठोके मोजण्यासाठी घेतात. मी तो दोन ठोक्यांमधले वेळेचे अंतर मोजण्यासाठी घेतला, आणि हे परीक्षण त्या एका उपयोगापुरतेच आहे. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी लांब पल्ल्याच्या धावपटूंचा सराव घेतो. त्यांतली काही मुले-मुली विद्यापीठाच्या क्रॉस-कंट्री स्पर्धेची तयारी करतात, तर बरीचशी पोलीस भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरसाठी मैदानावर येतात. सोप्या सरावाच्या दिवशीही जोरात धावायचे, ही या सगळ्यांची सवय. ती मोडायची तर ‘सोपे’ कुठे संपते हे प्रत्येकाला नेमके दाखवता आले पाहिजे, आणि त्यासाठी रक्तातील लॅक्टेट (कष्ट वाढले की रक्तात वाढणारे द्रव्य) तपासण्याची किंवा तोंडाला मुखवटा लावून श्वासातील वायू मोजण्याची सोय तालुक्याच्या मैदानावर नसते.

हे उपकरण आले फिनलंडहून, आणि त्याचे मूळ बर्फावरच्या खेळात आहे. सेप्पो सायनायाकांगास यांना सरावादरम्यान हृदयगती मोजणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली ती स्कीइंगच्या वाटेवर एका प्रशिक्षकाशी झालेल्या बोलण्यातून. पुढे १९७७ मध्ये त्यांनी औलूजवळच्या केम्पेले येथे पोलर ही कंपनी स्थापन केली. क्रॉस-कंट्री स्कीइंग करणाऱ्यांना हृदयाकडूनच उत्तर का हवे असते, हे समजून घेण्यासारखे आहे. बर्फ आज कडक तर उद्या भुसभुशीत, वाट सतत चढ-उताराची, पायाखालच्या स्कींना लावलेले मेण कधी साथ देते तर कधी देत नाही. त्यामुळे किलोमीटरला किती मिनिटे लागली यावरून शरीराने किती कष्ट केले हे कळत नाही. आमच्याकडे बर्फ नाही, पण ऊन आहे. सकाळी सहाला जो वेग सोपा असतो तोच एप्रिल-मे महिन्यांत आठ वाजता जड होतो. स्कीइंगपटूंची अडचण आणि खान्देशातील धावपटूंची अडचण मुळात एकच आहे, म्हणून त्यांचे साधन आमच्या कामाचे ठरते.

आता मापाविषयी. हृदयाचे ठोके मिनिटाला साठ पडत असले तरी ते घड्याळाच्या काट्यासारखे अगदी एक-एक सेकंदाने पडत नाहीत. अंतर किंचित कमी-जास्त होत राहते, आणि त्यालाच हृदयगतीतील चढउतार, म्हणजे एचआरव्ही, म्हणतात. व्यायाम सुरू झाला की हा चढउतार झपाट्याने आकसतो, त्यामुळे नुसता त्याचा आकार पाहून धावताना फारसे हाती लागत नाही. उपयोगी ठरते ती त्यातली रचना: एका ठोक्याचे अंतर पुढच्या काही ठोक्यांच्या अंतराशी किती जोडलेले आहे. ही रचना मोजण्याची गणिती पद्धत पेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये डीएनएच्या क्रमाचा अभ्यास करताना मांडली आणि लगोलग ती हृदयाच्या ठोक्यांना लावली गेली. चार ते सोळा ठोक्यांच्या टप्प्यात काढलेल्या आकड्याला आल्फा-१ म्हणतात. हलक्या व्यायामात तो १ च्या आसपास किंवा वर असतो आणि कष्ट वाढतील तसा खाली उतरतो, ०.५ ला पोहोचला की ठोक्यांच्या अंतरांत परस्परसंबंध उरत नाही. रॉजर्स, ग्रोनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ०.७५ हा आकडा पहिल्या उंबरठ्याशी, म्हणजे ज्याच्या आत तासन् तास सहज धावत राहता येते त्या मर्यादेशी, जुळत असल्याचे दाखवले. ०.५ हा दुसऱ्या, वरच्या उंबरठ्याचा, म्हणजे ज्याच्यापुढे फार वेळ टिकता येत नाही त्या मर्यादेचा, संकेत धरला जातो.

इतक्या बारीक मापासाठी ठोक्याची वेळ मिलिसेकंदांत अचूक लागते. मिनिटाला १५० ठोके पडत असताना दोन ठोक्यांत साधारण ४०० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि त्यातला फरक फारच थोडा असतो. मनगटावरचे प्रकाशावर चालणारे घड्याळ धावताना इथे टिकत नाही. एच१० हृदयाचा विद्युत संकेत घेतो, ठोक्यांची अंतरे ब्लूटूथवरून मोबाइलला पाठवतो आणि तिथले हे गणित करणारे अॅप दोन मिनिटांच्या तुकड्यावरून आल्फा-१ दाखवत राहते. हे काम तो मला समाधान वाटावे इतके चोख करतो.

मात्र पट्टा नीट बांधला तरच. कोणत्याही छातीपट्ट्याची ही अट आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर बाकी सारे गणित फुकट जाते. जानेवारीच्या गारठ्यात अंग कोरडे असते, म्हणून पट्ट्याच्या आतल्या बाजूचे, संकेत टिपणारे विद्युतपट्टे पाण्याने चांगले ओले करून मगच बांधावे लागतात; नुसते बोट फिरवून भागत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या अगदी खाली यावा, खोल श्वास घेताना किंचित अडावा इतका घट्ट असावा. आतल्या बाजूला सिलिकॉनचे बारीक ठिपके असल्याने तो घसरत नाही, ही या पट्ट्याची मला आवडलेली गोष्ट. एखादा ठोका हुकला किंवा जादा धरला गेला की आल्फा-१ भरकटतो, म्हणून अॅपमध्ये दाखवलेले चुकीच्या ठोक्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले तर तो तुकडा मी सरळ सोडून देतो.

चाचणी आम्ही जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी सपाट रस्त्यावर घेतो. अगदी हळू सुरुवात करून दर काही मिनिटांनी वेग थोडा-थोडा वाढवायचा आणि आल्फा-१ जिथे ०.७५ च्या खाली उतरेल तिथली हृदयगती टिपून ठेवायची. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी माझी एक विद्यार्थिनी ५००० मीटरमध्ये चांगली धावते. तिचा आकडा १.१ वरून ०.८ वर आला तेव्हा ती अजून आरामात बोलत होती; पुढच्याच टप्प्यावर आकडा ०.७ झाला आणि तिची वाक्ये तुटू लागली. तिच्या रोजच्या सोप्या धावेचा वेग या मर्यादेच्या बराच वर होता. वेग उतरवायला सांगितल्यावर “सर, इतकं हळू?” हा तिचा पहिला प्रश्न होता. आकडा तिच्यासमोर होता म्हणून तिने ऐकले. माझ्या तोंडी सांगण्याने ते झाले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उन्हाळ्यात या साधनाची खरी किंमत कळते. अंग तापले की रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातला द्रव घटतो, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलले जाते आणि तोच वेग राखायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. हिवाळ्यात ठरवलेल्या वेगाला मुले मे महिन्यात चिकटून राहिली, तर सोपी धाव कठीण केव्हा होते हे त्यांना कळतही नाही. आल्फा-१ मात्र धाव लांबत जाईल तसा खाली सरकताना दिसतो. आदल्या दिवशीचा थकवा उरलेला असेल तर गारव्याच्या सकाळीही तो नेहमीपेक्षा खाली राहतो, आणि अशा दिवशी मी धाव निम्म्यावर थांबवतो.

वरच्या उंबरठ्याबाबत माझे मत एवढे चांगले नाही. ०.५ च्या आसपास आकडा फार डोलतो. ४०० मीटरच्या तुकड्यांत तर तो निरुपयोगीच आहे, कारण तुकडा दीड मिनिटात संपतो आणि गणिताला दोन मिनिटांची स्थिर हालचाल हवी असते. स्कीइंगपटूंनाही हाच अडसर येणार: चढावर जीव तोडून ढकलायचे आणि उतारावर घसरत विसावायचे, अशा खेळात एकसारखी दोन मिनिटे मिळणे कठीण. शिवाय काठ्यांनी ढकलताना छातीचे आणि खांद्याचे स्नायू जोर लावतात, त्यामुळे संकेतात गोंधळ शिरण्याची शक्यता धावण्यापेक्षा अधिक. तोरणमाळच्या घाटात धावतानाही म्हणून एकसारखा लांब चढ निवडावा लागतो. ०.७५ हा आकडाही गटाची सरासरी पाहून ठरलेला आहे. एखाद्याचा उंबरठा त्याच्या बराच वर किंवा खाली असू शकतो, म्हणून बोलता येते का, ही जुनी कसोटी मी सोबत ठेवतोच.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पट्टा दोन मापांत मिळतो, तेव्हा छातीचा घेर मोजूनच मागवावा. वरचे यंत्र पट्ट्यापासून सुटे होते, त्यामुळे संघासाठी यंत्र एकच आणि पट्टे ज्याचे त्याला, अशी व्यवस्था स्वस्तात बसते व स्वच्छतेचाही प्रश्न मिटतो. घामाचे क्षार साचू नयेत म्हणून पट्टा प्रत्येक धावेनंतर साध्या पाण्याने धुवावा आणि यंत्र काढून वाळवावे, नाहीतर बॅटरी विनाकारण उतरते. ही बॅटरी सीआर२०२५ जातीची, घड्याळाच्या दुकानात सहज मिळणारी आहे. ज्यांना फक्त भरतीच्या १६०० मीटरची वेळ सुधारायची आहे त्यांनी यावर पैसे घालू नयेत, त्यांना स्टॉपवॉच पुरे आहे. पण ५००० मीटर, अर्धमॅरेथॉन किंवा सायकलिंगचा सराव वर्षभर करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हा पट्टा घ्यायला सांगेन, आणि पहिली चाचणी ऊन वाढण्याआधी, फेब्रुवारीतच उरकायला सांगेन.